बदामीला घाईचा थांबा नको

महोदय,

सुट्ट्या लागल्या की सोलापुरातून तिरुपती-रामेश्वरच्या सहली निघतात; मात्र कर्नाटकातील लेण्यांच्या बदामीचा समावेश असलाच तर तिच्या वाट्याला जेमतेम तासभर येतो, याची मनापासून खंत वाटते. पहिल्या लेण्यातील अठरा हातांच्या नटराजासमोर निवांत उभे राहिले, तरच त्या हातांमधून एकेक नृत्यमुद्रा उलगडत जाते. तिसऱ्या लेण्यात तर चालुक्य मंगलेशाचा इ. स. ५७८ चा शिलालेख आहे. जवळच्या पट्टदकलच्या मंदिरसमूहाला १९८७ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तेथील विरूपाक्ष मंदिर राणी लोकमहादेवीने, पती चालुक्य राजा दुसरा विक्रमादित्य याने कांचीच्या पल्लवांवर मिळवलेल्या विजयाप्रीत्यर्थ उभारले. वेरूळचे कैलास लेणे पाहिलेल्यांना तर दोहोंतील साम्य चटकन जाणवेल. प्राचीन मंदिरांचे ऐहोळेही याच परिसरात आहे.

सोलापूर-गदग लोहमार्गावर बदामी स्थानक आहे, त्यामुळे जाणे अवघड नाही. सहल आयोजकांनी तेथे किमान एक मुक्काम ठेवावा आणि मराठीतून माहिती सांगणारा जाणकार सोबत द्यावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सोलापूर