काच निवायला रात्र लागते, शाळेने सलग दोन दिवस द्यावेत

संपादक साहेब, नमस्कार.

मी कराड तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये चौदा वर्षं चित्रकला शिकवते. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या पोरांसाठी दप्तराविना १० दिवस सांगितलेत, पोरांनी त्या दिवसांत गावातल्या कारागिरांकडून हातानं काहीतरी शिकावं म्हणून. आमच्याकडे आणि ओळखीच्या दोनचार शाळांत हे दिवस सुटे सुटे करून शनिवारी टाकतात. माझं मागणं एवढंच आहे की त्यातले निदान दोन दिवस लागून द्या, आणि ते का हे सांगायचं तर आधी काचेबद्दल सांगावं लागेल.

तीन वर्षांपूर्वी मी साठवलेल्या पैशातून एक छोटी इलेक्ट्रिक भट्टी घेतली, सेकंडहँड, आणि पोरांना फ्यूज्ड ग्लास शिकवायला लागले. म्हणजे काचेचे तुकडे एकावर एक मांडायचे, भट्टीत ठेवायचे आणि ते मऊ होऊन एकजीव होऊ द्यायचे, बस. यात फुंकणी नाही, उघडा जाळ नाही, पोरं हात लावतात तो गार काचेला आणि भट्टीचं झाकण लागलं की पुढचं सगळं माझ्याकडे. काच पण साधीच, खिडकीची ३ एमएमची, काचवाल्याच्या दुकानात कापून उरलेल्या पट्ट्या तो मला जवळजवळ फुकटच देतो, फक्त मी त्याला सांगून ठेवलंय की एका शीटच्या पट्ट्या एकत्र बांधून ठेव, दुसऱ्या शीटची त्यात मिसळू नको.

काच कापणं बघायला या कधीतरी. खरं तर काच कापली जात नाहीच, कटरनं वरून एक बारीक ओरखडा काढायचा आणि त्या रेघेवर ती तोडायची. ओरखडा एकदाच, पुढून मागे न उचलता, आणि हात बरोबर असेल तर चेन ओढल्यासारखा बारीक कर्र आवाज येतो. तीच रेघ परत गिरवली की काच वाकडी तुटते आणि कटरचं चाकही जातं. मग दोन्ही मुठी रेघेच्या दोन बाजूंना, अंगठे वर, आणि बाहेरच्या अंगाला हलकंच मोडायचं. आठवीतला एक मुलगा, वर्गात एका जागी दोन मिनिटं बसत नाही असं सगळे सर म्हणतात, त्यानं पहिली पट्टी मोडली तेव्हा श्वास रोखून धरला होता, आणि सरळ मोडल्यावर ती पट्टी कितीतरी वेळ उजेडाकडे धरून कड बघत बसला. हे मी फळ्यावर चित्र काढून शिकवू शकले नसते.

दुसऱ्या बॅचला एका मुलीनं आईच्या फुटक्या बांगड्यांचे तुकडे आणले, हिरवे, लाल, आणि काचेवर फूल मांडलं. मी नको म्हणायला पाहिजे होतं पण तिचा चेहरा बघून म्हटलं ठेव, बघू. भट्टीतून निघालं तेव्हा फारच सुंदर होतं, पोरं टाळ्या वाजवत होती. तिसऱ्या दिवशी प्रत्येक बांगडीच्या तुकड्याभोवती बारीक चीर गेलेली. ती येऊन म्हणाली, मॅडम, काच वाढली. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं, हे घरात शिकलेली पोर, तिला दुसरा शब्द सुचलाच नाही. आता आमच्या वर्गात कुणाचीही काच तडकली की वाढली असंच म्हणतात. त्या दिवशी मी खडू घेऊन समजावलं, की बांगडीची काच आणि खिडकीची काच गरम झाल्यावर सारखी प्रसरण पावत नाही, वितळलेली असताना दोघी गुण्यागोविंदानं चिकटतात पण गार होताना एक जास्त आकसते आणि एक कमी, मग दोघींत ओढाताण होते आणि जिथे जोड आहे तिथे चीर जाते. विज्ञानाच्या पुस्तकात प्रसरण होतंच, पण त्या मुलीला ते त्या फुलावर कळलं.

तसंच एकेरी काचेचं. एकानं ३ एमएमच्या एकाच थराची चांदणी कापली आणि भट्टीतून ती आकसून, टोकं गोल होऊन बाहेर आली. वितळलेल्या काचेला साधारण ६ एमएम जाडी हवी असते, थर पातळ असेल तर ती कडा आत ओढून घेते, तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब कसा गोळा होऊन पळतो तशी. दोन थर दिले की आकार राहतो. आता पोरं स्वतःच एकमेकांना सांगतात, अरे खाली अजून एक लाव की.

आता मुद्द्याचं. भट्टी तापवणं हे त्यातलं सोपं काम आहे. सुरुवातीला सावकाश, ताशी साधारण १५० डिग्री, नाहीतर काच तापतानाच फुटते, मग खिडकीची काच पूर्ण एकजीव व्हायला ८२०-८३० च्या आसपास दहापंधरा मिनिटं. पण त्यानंतर ५४० ला आणून तासभर थांबवावं लागतं आणि तिथून पुढे अगदी सावकाश उतरवावं लागतं, कारण काच बाहेरून आधी गार होते आणि आतून नंतर, आणि हा ताण आत अडकून राहिला तर ती आज नाही तर पंधरा दिवसांनी कपाटात ठेवल्या ठेवल्या तडकते. सकाळी लावलेली भट्टी मी दुसऱ्या दिवसाआधी उघडत नाही, आत ५० डिग्रीच्या खाली आल्याशिवाय तर नाहीच.

एकदा उघडली होती. शाळेत एक साहेब येणार होते, त्यांना मुलांचं काम गरम गरम दाखवू म्हणून माझ्यावर दबाव होता आणि मी ऐकलं. आत १९० होतं. मी झाकण चार बोटं उचललं, पाच मिनिटांत आतून टिंग आवाज आला, मग आणखी एक. सातपैकी चार प्लेटा गेल्या. त्यातल्या एकीची मालकीण माझ्याकडे बघून म्हणाली, मॅडम, तुम्हीच सांगितलेलं ना उघडायचं नाही. मी तिची माफी मागितली, सगळ्या वर्गासमोर.

माझे आजोबा ओगलेवाडीच्या कारखान्यात होते. १९१६ साली ओगल्यांनी इथे काच कारखाना काढला आणि प्रभाकर कंदील इथून घरोघरी गेला, हे आज कराड स्टेशनवर रोज चढणाऱ्या उतरणाऱ्या पोरांनाही माहीत नाही आणि ते स्टेशन ओगलेवाडीतच आहे. आजोबा म्हणायचे, कंदिलाची काच नीट निवली नाही तर पावसाचा पहिला थेंब पडला की जाते. निवणं हा त्यांचा शब्द, मी वर्गात तोच वापरते. ज्या तालुक्यात हे काम पिढ्यान्‌पिढ्या झालं तिथल्या पोरांना काच म्हणजे फक्त पायात घुसणारी वस्तू वाटते, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि सुट्या शनिवारात नेमकं हेच हातातून जातं. शनिवारी पोरं मांडतात, मी भट्टी लावते, रविवारी सुट्टी, सोमवारी वेळापत्रकात चित्रकलेचा तास नाही, मग झाकण मी एकटीच उघडते आणि पुढच्या वेळी त्यांच्या हातात फक्त तयार वस्तू देते. कुठे बुडबुडा आला, कुठे कड आत गेली, कुणाची वाढली, हे झाकण उघडताना शेजारी उभं राहून बघायचं असतं, खरा तास तो असतो. गुरुवारी मांडलं आणि शुक्रवारी उघडलं तर भट्टीची रात्र आपोआप मधे बसते, वेगळा खर्च काही नाही.

पालकांची भीती मला मान्य आहे. गॉगलशिवाय कुणी कटर धरत नाही, काप लागेल म्हणून कडा आधी ओल्या दगडावर घासतो, तुकडे तेलाच्या पत्र्याच्या डब्यात जातात, टेबल कोरड्या फडक्यानं न पुसता ओल्यानं पुसतो. तरी तीन वर्षांत दोघांना बोटाला कापलं, दोन्ही वेळा मी स्वतः घरी फोन करून सांगितलं.

तालुक्यातल्या कुठल्याही शाळेला करून बघायचं असेल तर भट्टी मी घेऊन येते. उचलायला तीनचार जणं लागतात, नीट अर्थिंग असलेलं १५ अँपिअरचं एक सॉकेट लागतं, आणि जिथे रात्री कुणी हात लावणार नाही अशी कुलूप लागणारी खोली. काच मी आणते. दोन दिवस मात्र लागून पाहिजेत.

आपली,
एक कलाशिक्षिका
ता. कराड, जि. सातारा