पत्त्यांवर बंदी, तिकिटांना सूट

थायलंड सरकारने जुलै २०२५मध्ये कॅसिनोंना परवानगी देणारे विधेयक मागे घेतले. त्यावर ‘बौद्ध देशाने मोह टाळला’ असे कौतुक कानावर आले. ते मला थोडे घाईचे वाटते. सिगालोवाद सुत्तात, म्हणजे बुद्धाने गृहस्थाला केलेल्या उपदेशात, संपत्ती नासण्याच्या सहा वाटांत जुगार आहेच. १९३५च्या जुगार कायद्यानेही बहुतेक खेळ बंद ठेवले आहेत. त्याच साली आलेल्या पत्त्यांच्या कायद्यानुसार परवानगीशिवाय १२०हून अधिक पत्ते बाळगता येत नाहीत. २०१६मध्ये पट्टायात ब्रिज खेळत बसलेल्या ३२ परदेशी मंडळींना, त्यातले बहुतेक आजी-आजोबाच, पोलिसांनी उचलले ते याच कलमाखाली!

दुसरीकडे दर महिन्याच्या १ आणि १६ तारखेला सरकारी लॉटरीची सोडत असते. बँकॉकला गेलो होतो तेव्हा देवळाच्या दारातच लाकडी पेटी उघडून तिकिटे विकणारी बाई पाहिली. हात जोडून बाहेर पडलेला माणूस थेट तिच्यापाशी थांबून आकडे निरखायचा. ज्यांना मोठा डाव हवा, ते सीमेपलीकडे कंबोडियातल्या पोईपेटला जात.

विधेयकाच्या मसुद्यात तर थाई नागरिकाला कॅसिनोत शिरण्यासाठी पाच कोटी बात (थाई चलन) इतकी मुदत ठेव दाखवण्याची अट होती. म्हणजे गरिबाने लॉटरी घ्यावी आणि श्रीमंताने कॅसिनोत जावे. आपल्याकडे गोव्यात स्थानिकांना कॅसिनोत मज्जाव आहे, लॉटरीला नाही. मग थायलंडला हसायचे कुणी?

– एक वाचक, पुणे