आईचं नाव सातबाऱ्यावर

कोल्हापूर, मे अखेर

आई-बाबा, तुमचा बेसांव, तुमचा आशीर्वाद मागते.

बाबा, पुढच्या आठवड्यात आजऱ्याला तहसीलला जाणार म्हणालात, म्हणून सगळं कागदावर उतरवून पाठवते. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि आई मधेच विषय बदलते. चष्मा लावून दोघांनी मिळून वाचा. काम एकच आहे: आईचं नाव सातबाऱ्याला लावायचं.

आई म्हणेल, अठ्ठ्याहत्तरीला आता हे कशाला. पण सातबारा एकदा उघडून बघा. सात नंबरात कब्जेदार, म्हणजे जमीनधारक म्हणून तुम्ही. बारा नंबरात पीक: भात, नाचणी, काजू. ते पीक कुणी काढलं याला रकाना नाही. असता तर पन्नासएक वर्षं एकच नाव लिहावं लागलं असतं.

आपल्या घनसाळचं, त्या वासाच्या भाताचं बी बघा. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ, त्यात बी सोडून ढवळायचं, वर तरंगतं ते पोचट काढून टाकायचं, तळाचं दोन-तीनदा साध्या पाण्यात धुऊन सावलीत सुकवायचं. धुण्यात आळस केला की मीठ दाण्याला चिकटून राहतं आणि उगवण मार खाते. हे काम आई अजून दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही, आणि बरोबर करते. तरवा, म्हणजे भाताची रोपं, एकवीस ते पंचवीस दिवसांचा झाला की लावण. त्याहून जून झाला की फुटवे कमी येतात. घनसाळ उंच वाढणारी, युरिया जास्त पडला की पाऊस-वाऱ्यात लोळते आणि वासही उतरतो, म्हणून शेणखतावर भर. २०१६ साली आजरा घनसाळला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा सगळीकडे वासाचं कौतुक झालं. तो वास टिकवण्यासाठी शेणाच्या पाट्या कुणी वाहिल्या, तेही कौतुकात यायला हवं होतं.

म्हशीचंही तेच. दूध संस्थेत सभासद तुम्ही, दर दहा दिवसांचं बिल तुमच्या खात्यावर. फॅट लागते ती मात्र आईच्या बोटांमुळे. शेवटच्या धारांत फॅट सगळ्यात जास्त असते. घाईनं उठणारा माणूस त्याच धारा कासेत ठेवून येतो आणि मग संस्थेच्या मशीनला दोष देतो. (दादाला हे वाचून दाखवा.)

काजूचा हंगाम तर नेमका उपवासकाळात येतो. राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत घरात मटण बंद, कोल्हापूरच्या माणसाला ही शिक्षा केवढी ते सोडा, पण आईचे कष्ट त्याच दिवसांत सर्वांत जास्त. खाली पडलेली बोंडं रोज वेचायची, बी पिळून वेगळी करायची, दोन-तीन दिवस उन्हात पसरून उलटसुलट करायची. नखानं दाबून खूण उमटली नाही आणि हातात खुळखुळली, तरच पोत्यात. ओली भरली की पोतं आतून तापतं, गर काळवंडतो आणि व्यापारी भाव पाडतो. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, तीनच्या प्रार्थनेला जायच्या आधी अंगण झाडून बी गोळा झालेली असते, कारण वळवाचा भरवसा नाही. ऑक्टोबरात रोज संध्याकाळी रोजरीची जपमाळ, ती गोठ्यातली धार उरकल्यावर. दोन नोव्हेंबरला मृतांच्या दिवशी कबरी साफ करून फुलं ठेवायची, तोवर घनसाळ अजून उभी. नाताळ येतो मळणीच्या मागोमाग. चर्चचं वर्ष आणि शेताचं वर्ष, दोन्ही तिच्या एकाच पाठीवर.

आता कागदाचं.

१९९२ पासून आपल्याकडे लक्ष्मी मुक्ती योजना आहे. नवऱ्यानं आपल्या हयातीत, आपणहून अर्ज केला की त्याच्या जमिनीत बायकोचं नाव सहधारक म्हणून लागतं. अर्ज तुम्हीच करायचा आहे, आईनं नाही. साध्या कागदावर, तहसीलदारांच्या नावे. सोबत सातबारा, आठ अ (खात्याचा उतारा), दोघांची आधार कार्डं, लग्नाचा पुरावा. आपली वाटणी आधीच झालेली असल्यानं काकांच्या संमतीचा प्रश्न नाही. सामाईक खातं असतं तर फक्त तुमच्या हिश्शापुरतं नाव लागलं असतं. सोसायटीचं पीककर्ज आहे, त्याचा बोजा उताऱ्यावर दिसेल, म्हणून सचिवांच्या कानावर आधी घाला.

अर्ज मंजूर झाला की तलाठी फेरफार, म्हणजे बदलाची नोंद, धरतात, नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. इथेच डोळ्यांत तेल घालून बघायचं. नाव 'कब्जेदार' म्हणून लागलं पाहिजे. पुष्कळ ठिकाणी बायकांचं नाव 'इतर अधिकार' या रकान्यात ढकलतात. घरच्यांना वाटतं काम झालं, उताऱ्यावर नाव दिसतंय. त्या रकान्यात तर सोसायटीचा बोजाही दिसतो. आई बोज्याच्या शेजारी नको. फेरफार प्रमाणित झाला की डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत निघतो, तो मी इथून काढून वाचून सांगेन.

नावाचा घोळ मात्र आत्ताच निस्तरायला लागेल. बाप्तिस्म्याच्या वहीत मारिया, रेशन कार्डावर मरीबाई, आधारवर मेरी. शेतकरी ओळख क्रमांक आधारवरून निघतो, म्हणून सातबाऱ्यावरचं नाव आधारशी जुळलं पाहिजे. दोनच रस्ते: आधार दुरुस्त करायचं, नाहीतर 'ही तिन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र जोडायचं. मला पहिला बरा वाटतो, पुढे दर वेळी प्रतिज्ञापत्र करत बसावं लागत नाही. लग्नाचा दाखला चर्चमधून मिळेल. फादरना लग्नाचं साल आणि दोघांच्या वडिलांची नावं लिहून द्या, वह्या सालवार असतात, साल नसेल तर सगळं बाड उपसावं लागतं. नुसती झेरॉक्स घेऊ नका, सही-शिक्क्याचा उतारा घ्या.

एवढ्यानं सगळं भागतं का? नाही. सातबारा ही महसुली नोंद, मालकीचा शेवटचा पुरावा नव्हे. म्हणून, बाबा, मृत्युपत्रही करा. वाईट वाटून घेऊ नका. मृत्युपत्र नसलं तर काय होतं ते आकड्यात सांगते.

आपल्याला हिंदू वारसा कायदा लागत नाही, १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. त्यात विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं सगळ्या मुलांना सारखं, मुलगा-मुलगी भेद नाही. तीन एकर म्हणजे १२० गुंठे. आईला ४०, आम्हा चौघांना प्रत्येकी २०. पण वारस नोंद करताना सवयीनं बायको आणि चार मुलं असे पाच सारखे भाग धरले, तर आईला मिळतात २४. सोळा गुंठे नुसत्या सवयीपायी जातात, आणि कुणी हरकत घेतली नाही तर तशीच नोंद पक्की होते. गोव्याची मावशी सांगेल की बायकोचा अर्धा वाटा असतोच. तो गोव्यात, तिथला पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा वेगळा आहे. घाटाच्या वर तो चालत नाही.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. दोघांनी तुम्हाला सही करताना पाहिलेलं हवं आणि दोघांनी तुमच्यासमोर सह्या करायला हव्यात. ज्याला त्यात काही मिळणार आहे त्यानं किंवा त्याच्या नवरा-बायकोनं साक्ष करायची नाही. केली तर मृत्युपत्र टिकतं, पण त्या माणसाला दिलेलं रद्द होतं. म्हणजे जावई साक्षीदार नको, सून नको. शेजारचे मास्तर आणि डॉक्टर चालतील, डॉक्टर असले तर तुमच्या शुद्धीचाही प्रश्न कुणी काढत नाही. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे करून टाका. कपेलाच्या, आपल्या छोट्या चर्चच्या छपराला पैसे ठेवायचे म्हणत होता, तेही खुशाल लिहा. पूर्वी ख्रिस्ती माणसाला धर्मादाय देणगी मृत्युपत्रानं द्यायची तर ते मृत्यूच्या निदान बारा महिने आधी केलेलं लागायचं. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कलमच रद्द केलं.

घराचं सोपं आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला नवरा-बायको दोघांचं नाव लागतं, ग्रामसेवकांकडे अर्ज द्या. घरपट्टी थकली असेल तर आधी भरा, नाहीतर तोच विषय निघेल.

आई, नाव लागलं म्हणून पीएम किसानचे सहा हजार तुला वेगळे मिळणार नाहीत, नवरा-बायको मिळून एकच कुटुंब धरतात. पण पीक पाहणी, विमा, सोसायटीचं सभासदत्व, घनसाळच्या मानांकनाखाली विक्रीसाठीची नोंद, हे सगळं जमिनीच्या कागदापासून सुरू होतं. आणि कोर्ट-कचेरीची वेळ आलीच तर तुला 'अमक्याची बायको' म्हणून उभं राहायला लागणार नाही.

दादाशी आणि धाकट्या दोघांशी बोलून झालंय, कुणाची हरकत नाही. पावसाच्या आधी अर्ज पडू दे. लावण सुरू झाली की आई चिखलातून बाहेर यायची नाही आणि नोटीस घेऊन कोतवाल बांधावर उभा राहील. नोटिशीवर तिची सही मागतील. अंगठा लावू देऊ नका, बाबा. दूध संस्थेच्या वहीत ती रोज फॅटचा आकडा लिहिते, सही तिला येते. फक्त आधारवर नाव आहे तसंच सहीत लिहायला सांगा.

तुमची,
मोठी