ओटीपी गावात, आम्ही म्युनिकमध्ये

संपादक साहेब, नमस्कार.

मी मूळचा यावल तालुक्यातला, चार वर्षांपासून जर्मनीत म्युनिकला नोकरीला आहे. लोकांना वाटतं पोरगा फॉरेनला म्हणजे मजा, पण इथे डिसेंबरात साडेचारच्या आत सूर्य मावळतो आणि रूमवर वांगं भाजलं की स्मोक अलार्म बोंबलतो, आता कपाशीच्या काड्यांवरचं भरीत कुठून आणायचं. असो.

खरी डोकेदुखी कागदांची आहे. परदेशात राहायला गेलं की साधं सेव्हिंग खातं चालत नाही, ते एनआरओ (अनिवासी भारतीयांचं भारतातलं रुपयाचं खातं) करावं लागतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, कळलं तेव्हा ओटीपी जुन्या नंबरवर, आणि रिचार्ज राहिला म्हणून तो नंबरच बंद. बँकेत फोन केला तर म्हणे स्वतः या! अहो, चार-पाच मैलांचं अंतर असतं तर आलो असतो, इथून गाव जवळपास चार हजार मैल. मतदानाचंही तेच, नाव नोंदवता येतं पण मत द्यायला बूथवरच हजर पाहिजे.

यंदा कानबाईच्या (आपल्या खान्देशातली श्रावणात बसवतात ती देवी) विसर्जनाला आईने व्हिडिओ कॉल लावला, तिकडे सकाळचे नऊ, इकडे साडेपाच. डफ ऐकू येत होता, मोबाईल कोणीतरी उलटा धरलेला, मला नुसते पाय दिसत होते. आई म्हणाली तुझ्या वाटचा रोट, म्हणजे कानबाईचा प्रसाद, ठेवलाय. तो भाऊबंदांतच खायचा असतो, पार्सल थोडंच करता येतं.

तुमच्या पेपरने एनआरओ, केवायसी (बँकेची ओळख-पत्ता पडताळणी) वगैरेची माहिती परदेशी जायच्या आधीच पोरांना मिळेल असं एखादं सदर चालू करावं ही विनंती.

– एक वाचक, म्युनिक (मूळ ता. यावल, जि. जळगाव)