फोन का कापला, त्याचा खुलासा

प्रिय मित्रा,

परवा तुझा फोन आला आणि मी ‘नंतर बोलतो’ म्हणून कापला. तुला राग आला असणार. अरे, त्या वेळी माझ्या एका हातात टूथब्रश होता, दुसऱ्यात सफाईच्या अल्कोहोलची बाटली आणि समोर पोट उघडून ठेवलेला लॅपटॉप.

झालं असं, की चार्जरची वायर ओढताना कोपर लागलं आणि भरला कप कीबोर्डवर कलंडला. कॉफी, तीही दूध-साखरेची. माझा स्वभाव तुला ठाऊक आहेच, मी आधी टेबलावरचे कागद वाचवले! मग भानावर येऊन चार्जर उपटला आणि पॉवरचं बटण स्क्रीन काळी होईपर्यंत दाबून धरलं. रीतसर शट डाउन करत बसलो नाही, तेवढी अक्कल दाखवली. टॉवेल अंथरून त्यावर लॅपटॉप तंबूसारखा पालथा घातला. तांदळात पुरायचा सल्ला दोघांनी दिला. तांदूळ आतलं पाणी कसं ओढणार? उलट त्यांची पिठी पोर्टात जाऊन बसायची. हेअर ड्रायरही नको म्हटलं, प्लॅस्टिक वाकतं.

दोन दिवसांनी राहवेना, चालू केला. झाला की चालू! मी खूश. आणि बघतो तर पासवर्डच्या चौकटीत ठिपके आपोआप उमटतायत, एकामागून एक, माझा हात कीबोर्डला लागलेलासुद्धा नाही. घाबरून बंद केला.

माझी चूक तेव्हा लक्षात आली. पाणी उडून जातं, पण साखर आणि दूध थोडंच उडतं! त्याहून वाईट म्हणजे बॅटरी आत जोडलेलीच होती. लॅपटॉप बंद असला तरी आतल्या सर्किट बोर्डाच्या काही भागांत वीज असतेच. ओल आणि वीज एकत्र आली की धातू झिजायला लागतो. म्हणजे दोन दिवस मी त्याला सुकवत नव्हतो, आतल्या आत गंजवत होतो.

मग उघडायला घेतला. कागदावर तळाचं चित्र काढून ज्या जागेचा स्क्रू त्याच जागी चिकटपट्टीने लावत गेलो, कारण सगळे एका मापाचे नसतात आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर बोर्डालाच इजा. सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढला. ती फुगलेली नव्हती, नाहीतर मी हातच लावला नसता. चपट्या केबलींनी मात्र घाम काढला. केबल ओढायची नसते, कनेक्टरचं बारीक झाकण नखाने वर करायचं, मग ती आपसूक सुटते. हे मला एक झाकण जवळजवळ मोडल्यावर कळलं.

कीबोर्डच्या कनेक्टरपाशी हिरवट-पांढरी पूड साचली होती, भिंतीवर क्षार फुटतात तशी. खिडक्या उघडल्या आणि ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ ब्रशवर घेऊन घासायला बसलो. जास्त टक्क्यांचं अशासाठी की त्यात पाणी कमी आणि ते भराभर उडतं. पहिल्यांदा काहीच निघेना. तिसऱ्या हाताला तपकिरी ओघळ आला, तो पुसला, पुन्हा घासलं आणि पिनांचा सोनेरी रंग दिसायला लागला. नेमका तेव्हा तुझा फोन!

कीबोर्ड गेला तो गेलाच. त्याच्या पातळ थरांमध्ये साखर चिकटली आहे आणि तो वरच्या कव्हरला प्लॅस्टिकच्या रिबिटांनी जखडलेला, म्हणजे बदलायचा तर अख्खं कव्हर बदला. मी त्याची केबलच जोडली नाही, बाहेरून यूएसबी कीबोर्ड लावलाय. नशीब, माझ्यात पॉवरचं बटण वेगळ्या पट्टीवर आहे, नाहीतर चालू कशाने करणार होतो? त्याआधी एसएसडी, म्हणजे फायली साठवायचा भाग, काढून यूएसबीने जोडायच्या बाहेरच्या डबीत घातली आणि सगळ्या फायली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. हे खरं तर सर्वांत आधी करायला हवं होतं, लॅपटॉप मरता तरी एवढं दुःख झालं नसतं.

हे पत्र त्याच्यावरच टाइप करतोय. पंखा जोरात फिरला की अजून कॉफीचा वास येतो.

बरं, तू फोन कशासाठी केला होतास?

तुझाच,
धांदरट मित्र