बावन्न ऐकून २५ लिहिणारे मूल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शिक्षकांनी ‘बावन्न’ सांगितले आणि दुसरीतल्या मुलाने २५ लिहिले, की त्यावर लाल फुली बसते आणि शेजारी ‘लक्ष दे’ असा शेरा येतो. मुलाने लक्ष दिलेलेच असते. त्याने ऐकले तसे लिहिलेले असते: आधी ‘बा’, म्हणजे दोन, मग ‘वन्न’, म्हणजे पन्नास. मराठीत दोन अंकी संख्या बोलताना एकक आधी येतो आणि दशक मागून. लिहिताना दशक आधी. कन्नडमध्ये ‘इप्पत्तैदु’ म्हणणाऱ्या मुलाच्या कानावर वीस आधी पडतात आणि पाच नंतर. त्याला ही कसरत करावी लागत नाही. आपल्या मुलांना करावी लागते, आणि ती शिकवावी लागते.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘बावीस’च्या जोडीला ‘वीस दोन’ असे वाचन आले, तेव्हा विधिमंडळापर्यंत वाद गेला. तो बराचसा भाषेच्या अभिमानाचा झाला. वर्गात उद्या सकाळी नेमके काय करायचे, हा प्रश्न मागे राहिला. आमचे म्हणणे असे की दोन्ही नावे हवीत. ‘बावीस’ हे व्यवहारातले नाव आहे आणि ते आलेच पाहिजे. ‘वीस दोन’ ही त्याच्यापर्यंत नेणारी पायरी आहे. पण हातात काही नसताना नुसते ‘वीस दोन’ घोकले तर तेही दुसरे पाठांतरच होते.

सुरुवात निदानापासून करावी. दहा संख्यांचे श्रुतलेखन घ्यावे: २५, ५२, ४०, २९, ६७, ७६, ३८, ८९, ९३, ९९. प्रत्येक संख्या दोनदा म्हणावी आणि वर्गातून फिरत मुले आधी कोणता अंक लिहितात ते पाहावे. हे पाहणे उत्तराइतकेच महत्त्वाचे आहे. कित्येक मुले ‘बावन्न’ ऐकून आधी २ लिहितात, डावीकडे जागा सोडतात आणि मग तिथे ५ बसवतात. उत्तर बरोबर येते, म्हणून त्यांची अडचण कुणाच्या ध्यानात येत नाही. पुढे ‘एकशे बावन्न’ आले की १ आणि २ यांच्या फटीत ५ कोंबावा लागतो आणि तिथे गाडी अडते.

चुकांचेही प्रकार वेगळे काढावेत. ६७ च्या जागी ७६ ही क्रमाची चूक. २९ च्या जागी ३९ ही ‘एकोण’ न कळल्याची चूक. ९३ च्या जागी ८३ म्हणजे त्र्याण्णव आणि त्र्याऐंशी कानाला वेगळे लागलेले नाहीत. आणि ३ उलटा वळून ६ सारखा दिसत असेल तर तो अक्षरवळणाचा प्रश्न आहे, गणिताचा नव्हे. शंका आली तर मुलालाच ‘तू लिहिलेले वाच’ म्हणावे. २५ लिहून ते ‘बावन्न’ असे वाचत असेल तर त्याला संख्या समजली आहे, फक्त अंकांच्या जागा ठरलेल्या नाहीत. या चौघांना एकच उपाय देऊन चालत नाही.

सगळ्यांत जास्त चालणारा उपाय म्हणजे रोज एक ते शंभर लिहून आणणे, आणि इथे तो निरुपयोगी आहे. मूल उभ्या ओळीत ० ते ९ लिहीत खाली येते, मग वर जाऊन त्यांच्या डावीकडे २, २, २ असे दहा वेळा ओढते. पान सुबक भरते. त्यात संख्या एकदाही मनात आलेली नसते.

त्याऐवजी काड्या घ्याव्यात. चार मुलांच्या गटाला १०० काड्या आणि १० रबरबँड. ३२ मुलांच्या वर्गाला ८०० काड्या आणि ८० रबरे, वर वीसेक जादा, कारण ती तुटतात. काडी आठ ते दहा सेंटीमीटर लांब असावी. काडेपेटीतल्या काड्या आखूड पडतात, रबर घसरते आणि गठ्ठा सुटतो. आइस्क्रीमच्या चपट्या काड्या चांगल्या, दहाची चळत घट्ट बसते.

गठ्ठे शिक्षकांनी आयते बांधून देऊ नयेत. सुरुवातीला प्रत्येक गटासमोर चाळीस-पन्नास सुट्या काड्यांचा ढीग ठेवावा आणि मोजायला सांगावे. मध्येच मुद्दाम काहीतरी विचारून मोजणी तोडावी. ‘आता कुठपर्यंत आलो होतो?’ असा गोंधळ झाला की दहा-दहाचे गठ्ठे करण्याची गरज मुलांना आपसूक कळते. गठ्ठा बांधल्यावर शेजारच्याने तो मोजून पाहायचा; नऊ किंवा अकरांचा एक गठ्ठा पुढचे सगळे उत्तर बिघडवतो. दहाच्या जागी एक निळी टिकली किंवा नाणे देण्याची घाई करू नये. टिकली दहा आहे हे फक्त मान्य करावे लागते, गठ्ठ्यातले दहा मात्र डोळ्यांना दिसतात आणि सोडताही येतात. वजाबाकीत नेमके तेच लागते.

गटात कामे वाटावीत: एकाने संख्या म्हणायची, दुसऱ्याने काड्या मांडायच्या, तिसऱ्याने लिहायची, चौथ्याने तपासायची, प्रत्येक संख्येनंतर कामे बदलायची. मांडणी नेहमी गठ्ठे डावीकडे, सुट्या उजवीकडे, मुलाच्या बाजूने पाहता. समोरासमोर बसवले तर एकाचे डावे दुसऱ्याचे उजवे होते आणि जी चूक काढायची तीच आपण शिकवतो. म्हणून चौघे एकाच बाजूला, किंवा जमिनीवर ओळीने.

म्हणण्याची रीतही ठरलेली असावी. गठ्ठ्यांवर हात ठेवून ‘पन्नास’, सुट्यांवर हात ठेवून ‘दोन’, मग दोन्हींवर हात फिरवून ‘बावन्न’. लिहिणारा ‘पन्नास’ ऐकताच ५ लिहितो आणि उजवीकडची जागा मोकळी ठेवतो. रोज पंधरा मिनिटांत सहा-सात संख्या पुरेत. क्रमाने घेऊ नयेत. २५-५२, ३४-४३, ६७-७६ अशा जोड्या घ्याव्यात. पंचवीस आणि बावन्न शेजारी शेजारी मांडून दाखवावेत, म्हणजे दोन गठ्ठे आणि पाच गठ्ठे यांतला फरक टेबलावरच दिसतो.

नावांतले बदल मुलांना नीट दाखवावेत, ते आपोआप कळत नाहीत. एकच ‘सहा’ छत्तीसमध्ये छ, सेहेचाळीसमध्ये सेहे, सहासष्टमध्ये सहा आणि शहात्तरमध्ये शहा होतो. ‘हत्तर’ म्हणजे सत्तर, ‘ण्णव’ म्हणजे नव्वद, ‘वन्न’ आणि ‘पन्न’ म्हणजे पन्नास, अशी घराणी फळ्यावर मांडून प्रत्येक दिवशी एकच घराणे घ्यावे.

काड्यांबरोबर जोडपत्ते. दशकाचे पत्ते (१०, २० ते ९०) दहा सेंटीमीटर रुंद, एककाचे (१ ते ९) पाच सेंटीमीटर. उंची सारखी, उजवी कड बाणासारखी टोकदार कापलेली. ५० च्या पत्त्यावर २ चा पत्ता टोकाला टोक जुळवून ठेवला की शून्य झाकते आणि ५२ दिसते. टोक नसेल तर मुले २ चा पत्ता ५ वरच ठेवतात. हे पत्ते तिसऱ्या इयत्तेत फार उपयोगी पडतात: ‘एकशे पाच’ ऐकून १००५ लिहिणाऱ्या मुलाला १०० वर ५ ठेवायला सांगितले की त्याची चूक त्याला स्वतःलाच दिसते.

‘एकोण’ला स्वतंत्र दिवस द्यावा. एकोण म्हणजे एक ऊन, एकाने कमी. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत अशा आठ संख्या आहेत. नव्व्याण्णव त्यांत बसत नाही, आणि हे मुलांना सांगून टाकावे, नाहीतर ती ‘एकोणशंभर’ म्हणतात, जे खरे तर शहाणपणाचे उत्तर आहे. मांडणी अशी: तीन गठ्ठे ठेवा, म्हणा ‘तीस’. आता एक काडी काढून घ्या. काढायची तर गठ्ठा सोडावा लागतो! उरतात दोन गठ्ठे आणि नऊ सुट्या. एकोणतीस म्हणताना तीस ऐकू येते, तरी लिहिताना २ का, हे इथे हाताला कळते. शतकतक्ता वापरायचा तर १ ते १० अशा ओळींचा घ्यावा. त्यात २९ आणि ३० एकाच ओळीत शेजारी येतात.

हाच सोडलेला गठ्ठा वजाबाकीचा पाया आहे. ‘निपुण भारत’ या केंद्र सरकारच्या पायाभूत शिक्षणाच्या अभियानाच्या लक्ष्यांत दुसरीअखेर ९९ पर्यंतच्या संख्यांची वजाबाकी आहे, आणि इथे सर्वाधिक दिसणारी चूक म्हणजे ६२ − ३५ = ३३. मूल पाचातून दोन काढते, कारण ‘मोठ्यातून लहान’ हे त्याने पाठ केलेले असते. काड्यांनी करताना दुसरीच गडबड होते: मुले ६२ ही मांडतात आणि ३५ ही, मग नक्की काय काढायचे ते कळत नाही. बेरजेत दोन्ही संख्या मांडायच्या. वजाबाकीत फक्त पहिली. ३५ चिठ्ठीवर लिहून बाजूला ठेवावे.

सुट्या दोन, द्यायच्या पाच. एक गठ्ठा सोडला; आता पाच गठ्ठे आणि बारा सुट्या. इथे थांबून एक प्रश्न विचारायचाच: ‘आता एकूण किती?’ बरीच मुले नव्याने मोजू लागतात. मोजू द्यावे. बासष्टच आहेत हे पटेपर्यंत पुढे जाऊ नये, कारण हातच्याचे सारे मर्म एवढ्यात आहे. मग पाच काढा, सात उरल्या. तीन गठ्ठे काढा, दोन उरले. वहीत ६ वर काट मारून ५ लिहिणे हे गठ्ठा सोडल्यानंतर, त्या कृतीची नोंद म्हणून व्हावे. ‘शेजाऱ्याकडून उसना घेतला’ ही भाषा टाळावी. उसने परत करायचे असते, इथे काहीच परत करायचे नाही. ‘गठ्ठा सोडला’ हे खरे आणि पुरेसे आहे. शून्याची उदाहरणे, जसे ४० − १६, वेगळी घ्यावीत. तिथे ३६ आणि ३० ही दोन्ही चुकीची उत्तरे येतात, आणि दोन्हींमागे शून्यातून सहा कसे काढायचे हाच पेच असतो.

त्याआधी आठवडाभर एक खेळ घ्यावा. गटाकडे पाच गठ्ठे. दोन फासे टाकायचे, येतील तेवढ्या काड्या परत द्यायच्या, उरलेली संख्या लिहायची, शून्यापर्यंत जायचे. वाढवत नेण्याचा खेळ बहुतेक वर्गांत होतो, हा उतरता खेळ राहून जातो. अकरा पडल्यावर कुणी एक गठ्ठा आणि एक काडी देईल, कुणी गठ्ठा सोडून एकेक मोजेल. दुसऱ्यालाही टोकू नये. दोन-तीन डावांत तो शेजाऱ्याचे पाहून स्वतःच बदलतो.

काड्या कधी काढून घ्यायच्या, हे तारखेवर ठरवू नये. मांडलेल्या काड्यांवर आधी रुमाल टाकावा आणि विचारावे, ‘बासष्टातून पस्तीस काढायच्या, गठ्ठा सोडावा लागेल का?’ रुमालाखाली हात न घालता जे मूल ‘हो, दोनच सुट्या आहेत’ म्हणते, त्याला आता काड्या नकोत. बाकीच्यांसमोरून त्या उचलू नयेत, तिसरी सुरू झाली असली तरी.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका