सूचना : रविवारची बैठक आणि विद्यार्थी इंटर्न

सर्व सभासदांना नमस्कार.

सुट्टीतल्या इंटर्नशिपबाबतची बैठक येत्या रविवारी सकाळी १० वाजता संग्रहालयाच्या तळमजल्यावर आहे. गिरणी कामगारांच्या घरच्यांनी जरूर यावे.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप ज्यांनी गिरणीच्या खात्यात (विभागात) उभे राहून पाहिला, ते आता साठी-सत्तरीपलीकडे आहेत. विद्यार्थ्यांनी त्यांच्या मुलाखती आत्ताच ध्वनिमुद्रित केल्या, तर पुढच्या पिढ्यांना त्या ऐकता येतील. जुन्या फोटोंतल्या माणसांची नावेही कळतील. मुलांना प्रश्न विचारणे, त्याहून अवघड म्हणजे गप्प बसून ऐकणे, नोंदवही ठेवणे आणि जुना कागद हाताळणे जमू लागेल. पुढे वकिली करा की पत्रकारिता, हे कामी येतेच.

• गिरणीचे ओळखपत्र, पगाराची पावती, युनियनची पत्रके, भजनी मंडळाचे फोटो आणावेत. स्कॅन करून त्याच दिवशी परत मिळतील.
• त्यांना लॅमिनेशन किंवा चिकटपट्टी लावू नये. हात जोडून विनंती!
• मुलाखतीआधी लेखी संमती घेतली जाईल. नको तो भाग वगळता येईल.
• इंटर्नना चहा आणायला पिटाळू नये.

मुलाखत देणाऱ्यांनी शनिवारपर्यंत कार्यालयात नाव नोंदवावे.

– कार्यवाह, संग्रहालय समिती